पुढच्या सीटचा मान

मनुष्य किती सुसंस्कृत आहे, हे तो गाडीत किती उशिरा बसतो यावरून ठरतं. विमानतळांना हे तत्त्व अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. हैदराबादला अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाड्यांसाठी खास जागा आखून दिलेली आहे. तिथं गाडी यावी, प्रवाशानं बसावं, चालकाला पिन सांगावा आणि निघावं, एवढीच अपेक्षा असते. (पुष्कळ लोक असं करतातही. त्यांना व्याही नसावेत.)

शहरातल्या गौलीगुड्यात राहणारे प्रतापराव त्या दुपारी तिथं उभे होते ते मुलीच्या लग्नासाठी. भाग्यलक्ष्मीनं ऑफिसातला चिन्मय पसंत केला होता आणि आज त्याचे आईवडील पुण्याहून तिला पाहायला आले होते. वडील प्रकाशराव वेळेचे फार पक्के, उशीर करणाऱ्या घरात सोयरीक करणार नाहीत, असं चिन्मयनं बजावलं होतं. म्हणून प्रतापराव घरून निघतानाच भाग्यलक्ष्मी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही नुसतं गाडीत बसा. मान घरी आल्यावर देऊ."

प्रतापराव हौ म्हणाले होते. पण मान घरापर्यंत दाबून ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

पहिली गाडी आली. प्रतापरावांनी पुढचं दार उघडलं आणि मानाची जागा व्याह्यांना देऊ केली. प्रकाशराव म्हणाले, छे, यजमानानं पुढं बसून रस्ता दाखवावा. (रस्ता नकाशाच दाखवतो, पण नकाशाला मान देता येत नाही.) एका दाराला दोघांचे हात लागले. रखवालदारानं शिटी फुंकली.

"साब, बैठना है तो बैठो," चालक म्हणाला, "नक्को तो मेरेकू जाने दो."

तो गेला. दुसऱ्या गाडीच्या वेळी दोघांनीही मागं बसावं असं एकमतानं ठरलं. परंतु मागं आधी शिरणाऱ्याला पलीकडे सरकावं लागतं, आणि व्याह्यांना सरकायला लावणारा माणूस प्रतापरावांना अजून भेटायचा होता. प्रकाशरावांचंही तेच मत पडलं. सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली, ठराव झाला नाही.

तिसरी गाडी आली तेव्हा प्रतापरावांनी सवयीनं पिन मोठ्यानं वाचला आणि दार उघडून धरलं. चिन्मयची आई नीलिमाताई इतका वेळ बॅगेपाशी उभ्या होत्या. त्या आत बसल्या, चालकाला पिन सांगितला आणि निघाल्या. शिटी वाजल्यामुळे दोघांनी गाडीला वाट करून दिली.

त्यानंतर किती गाड्या गेल्या याची आकडेवारी रखवालदाराकडे आहे, पण तो त्या विषयावर बोलत नाही. चर्चा मात्र रंगली होती. प्रकाशरावांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी स्पीकरवर लावला.

"मुलगी बस म्हणाली, मी बसले. मी खा म्हटलं, तिनं खाल्लं," नीलिमाताई म्हणाल्या. "लग्न ठरलंय. तुम्ही या आता."

प्रतापरावांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रकाशरावांना मिठी मारली. समोर गाडी येऊन थांबली होती. पण मघाशी ते नुसते पाहुणे होते, आता पक्के व्याही झाले होते. अशा माणसाच्या आधी बसायचं म्हणजे कमाल झाली.

लग्नाला आपणही अवश्य यावं. पंगतीत जिलबी पुढं आली की आपण नको नको म्हणत ताटावर हात आडवा धराल आणि एक जिलबी जाईल इतकी बोटं फाकवाल, याची आम्हाला कल्पना आहे. वाढप्यांना सांगून ठेवलं आहे, एकदाच विचारा आणि पुढं चला.