जुनी पेटी, नवी पेटी आणि भास्कररावांचा कान

जुनी वस्तू नव्यापेक्षा सरस असते हे सिद्ध करावे लागत नाही. ती जुनी आहे एवढे सिद्ध केले की पुरते. रत्नागिरीचे भास्करराव लिमये गेली चौदा वर्षे तेच करत होते. (नोकरी सरकारी, त्यामुळे वेळेची अडचण नव्हती.)

त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारला घुमारा देणारी एक पेटी होती. आत तीन स्प्रिंगा. सूर एका टोकाने शिरायचा, थरथरत जायचा आणि विहिरीत हाक मारावी तसा घुमून बाहेर यायचा. मिरकरवाड्यातल्या एका खलाशाने ती परदेशातून आणून नऊ वर्षे सुक्या बोंबलांच्या खोलीत ठेवली होती. ('जपून' हा त्याचा शब्द.) पेटी अधूनमधून शॉक देई. भास्करराव त्याला सुराची ऊब म्हणत.

सत्त्याऐंशी साली, भास्करराव ज्यात वाजवत त्या ऑर्केस्ट्राचे मालक, आंबा बागायतदार दत्तूकाका जोगळेकर यांनी तीच पेटी नवी आणली. कंपनीने जुन्या आराखड्याबरहुकूम पुन्हा काढलेली. तोच रंग, तीच बटणे, शॉक तेवढा नाही. भास्कररावांनी अभिप्राय दिला, "सूर कच्चा आहे."

कच्चेपणावर काकांना एकच उपाय ठाऊक. पेटी दहा दिवस हापूसच्या आढीत, पेंढ्यात घातली.

मग काका म्हणाले, "भास्कर, डोळे बांधून दहापैकी आठदा ओळखलीस तर जुनी राहील. नाहीतर उद्या भंगारवाला येतोय."

पेटी गेली तर आपण बेताचेच वाजवतो हे गावाला कळेल, ही भीती भास्कररावांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

रीतसर समिती नेमली. दोन मास्तर, एक पोस्टमास्तर आणि गायिका आनंदीबाई (गाण्यातले कळणाऱ्या एकट्या, म्हणून मताधिकार नाही). बाबू हमालाने पेट्या आलटून पालटून भास्कररावांपुढे ठेवायच्या आणि वायरी जोडायच्या.

भास्कररावांनी तार छेडली, दीर्घ श्वास घेतला. "जुनी. यात समुद्र आहे." पुढची? "नवी. गोड आहे, पण उथळ." दहापैकी दहा. पोस्टमास्तरांनी डोळे पुसले.

तेवढ्यात बाबू पुढे आला. "काका, ह्या वायरी माज्याच हातात रायल्या. कुठं लावायच्या होत्या?"

गिटार पहिल्यापासून थेट अँप्लिफायरलाच जोडलेली होती.

"मघापासून सांगत्ये," आनंदीबाई म्हणाल्या, "एकीला बोंबलाचा वास येतोय, एकीला हापूसचा. पण मला विचारतंय कोण?"

समितीने एकमताने ठराव केला: वायर न जोडताही ज्यांना फरक कळतो, त्यांच्या कानाबद्दल शंका घेणे उचित नाही. जुनी पेटी कायम. हल्ली ती स्टेजवर हार घालून ठेवतात, न जोडता. (शॉकही टळतो.) सावर्ड्याहून येणारे रसिक सांगतात, असा घुमारा आता होणे नाही.

राहता राहिले वाचक. दोन्हीपैकी एकाही पेटीचा सूर आपण ऐकलेला नाही. तरी सरस कुठली, हे आपले केव्हाच ठरले आहे. समितीत दोन जागा रिकाम्या आहेत. सर्दी झालेल्यांनी मात्र अर्ज करू नये.