उतरणं उद्या शिकवतो

सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याच्या सख्ख्या भावाला सायकल येत नाही, ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती, आणि ती कोणी विसरू नये याची काळजी स्वतः दादाच घ्यायचा. धाकटा शिंपी होता. एकाच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दोघांची दुकानं. "तीस वर्षं हा माणूस पायडल मारतोय," दादा शिलाई मशीनकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना सांगायचा, "आणि अजून एक फूट पुढं गेलेला नाही."

लॉकडाऊन लागला, दोन्ही दुकानांना कुलपं लागली आणि दादाचे हात शिवशिवायला लागले. तिसऱ्या दिवशी त्याने एक जुनी सायकल बाहेर काढली.

"बस. रस्ता सध्या आपल्या बापाचा आहे."

"पन्नाशी उलटली माझी, दादा. हाडं मोडतील."

"मोडली तर शिवून घे."

घराच्या पायरीवर उभं राहून शिंपी सीटवर चढायचा आणि दादा मागून सीट धरून पळायचा. बघायला कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे शिंप्याची भीड चेपली. आठवड्याभरात दादाने हात सोडला तरी तो गल्लीच्या टोकापर्यंत सरळ जायला लागला. अडचण एकच होती. त्याला थांबता येत नव्हतं. ब्रेक दाबला की त्याचे पाय पायडललाच चिकटून राहायचे आणि तो सायकलसकट आडवा व्हायचा. शेवटी दादाने दुकानापुढं जुन्या टायरांचा ढीग रचला.

"आजच्यापुरता यात घूस. उतरणं उद्या शिकवतो."

दुसऱ्या दिवशी दादाला ताप भरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येऊन त्याला घेऊन गेली.

हॉस्पिटल तीन किलोमीटरवर. बस बंद, आणि आत जाऊन भेटायला बंदी. फॉर्मवर नंबर शिंप्याचा लिहिला, कारण फोन वाजला की वहिनी तो शिंप्याच्याच हातात द्यायची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हणून शिंपी हॉस्पिटलसाठी मास्क शिवत बसला. सकाळी दादाचाच फोन आला.

"दुसरा मजला, फाटकावरची खिडकी. ये की सायकलवर."

"आणि उतरू कसा?"

"तू ये तर आधी."

चौकात पोलिसाने काठी आडवी केली. "थांबा!"

"थांबता येत नाही, साहेब!" शिंपी रडकुंडीला येऊन ओरडला. गळ्यात मास्कची पिशवी लोंबत होती. पोलिसाने काठी मागे घेतली. इतकं खरं उत्तर त्याला त्या आठवड्यात कोणी दिलं नसावं.

हॉस्पिटलच्या इमारतीला वळसा घालून रस्ता जायचा. शिंप्याने पिशवी वॉचमनच्या अंगावर फेकली आणि तो इमारतीभोवती फिरायला लागला. दुसऱ्या फेरीला वर दादा दिसला. दादाने कपाळावर हात मारला आणि वॉर्डातून खाली वॉचमनच्या केबिनमध्ये फोन लावला. मग वॉचमन फोन कानाला लावून खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि शिंपी समोरून जाईल तेवढ्यात दादाच्या वाक्याचा एक तुकडा त्याला ऐकवायचा.

"भाऊ म्हणतो, आधी पायडल मारणं —"

एक फेरी.

"— बंद कर!"

"बंद केलं तर पडेन!"

आणखी एक फेरी.

"तो म्हणतो, मग पड!"

खिडक्या-खिडक्यांत पेशंट जमा झाले. नर्सबाई ओरडल्या. दादा हसून हसून खोकायला लागला. दहा फेऱ्या मारून शिंपी तसाच घरी गेला आणि धप्पकन टायरांत घुसला. आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. "भावजी, कसे दिसले हो?"

"हसत होता, वहिनी. माझ्यावरच."

मग तो नेमच झाला. संध्याकाळी दहा फेऱ्या, मग घरी धप्प. धप्प झालं की वहिनी चहा टाकायची.

पहिल्या आठवड्यात दादाच्या वाक्याचे तुकडे पडायचे ते शिंपी थांबत नव्हता म्हणून. दुसऱ्या आठवड्यात दादाला दम पुरेना म्हणून. उभा राहणारा दादा खुर्चीवर बसायला लागला. मग खिडकीत नुसता हात दिसायला लागला. शिंप्याला कळत होतं सगळं, आणि कळून उपयोग नव्हता. तो पहाटे उठून गल्लीत उतरायचा सराव करायचा आणि कोपरं सोलून घ्यायचा. दादाने आपल्याला एकदा, फक्त एकदा, धड उतरताना बघावं एवढंच त्याला हवं होतं.

एके संध्याकाळी वॉचमन म्हणाला, "डावा पाय सोडायचा, आणि —"

शिंपी जिवाच्या आकांताने फेरी मारून आला. "आणि काय?"

"धाप लागलीय त्यांना, मास्तर. उरलेलं उद्या सांगतो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी शिंपी चौक ओलांडत असताना खिशात फोन वाजला. एक हात सोडण्याची त्याची छाती नव्हती. "आलो रे दादा, आलो," तो खिशाला म्हणाला. फोन थांबला, पुन्हा वाजला. हॉस्पिटलच्या वळणावर तिसऱ्यांदा वाजला.

वरची खिडकी सताड उघडी होती आणि आत कोणीतरी गादी गुंडाळत होतं. वॉचमन केबिनमध्ये नव्हता. टोपी हातात घेऊन तो रस्त्याच्या मधोमध उभा होता.

"मास्तर, वरून तुम्हाला फोन लावत होते."

"चालवताना मला उचलता येत नाही," शिंपी म्हणाला. "दादाला दुसरीकडे हलवलं का?"

वॉचमनने मान हलवली. नाही. "सकाळी मला फोन केला होता त्यांनी. कालचं उरलेलं सांगून ठेवलं."

"काय?"

"'घाबरायचं नाही. जमीन कुठं पळून जात नाही.'"

शिंप्याने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. कधी थांबला, कधी टेकला, त्याला काहीच आठवेना. तो हँडलवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. जवळ जायची परवानगी नव्हती, म्हणून वॉचमन चार हात लांब उभा राहून रडला.

परतताना चढायला पायरी नव्हती. "बसा, मी मागून सीट धरतो," वॉचमन म्हणाला.

"नको," शिंपी म्हणाला, आणि सायकल हातात धरून तीन किलोमीटर चालत निघाला.

घरी वहिनी चहाचं आधण ठेवून कान देऊन बसली होती. अंधार पडायला आला तेव्हा ती दार उघडून बाहेर आली. टायरांच्या ढिगाशेजारी शिंपी सायकल धरून उभा होता.

"भावजी, आज आवाज नाही आला?"

"आज उतरता आलं, वहिनी."

"अगंबाई!" वहिनीचा चेहरा खुलला. "मग ह्यांनी बघितलं का?"

शिंप्याने सायकल भिंतीला टेकवली. ती नीट उभी आहे ना, हे त्याने दोनदा पाहिलं. तो तिसऱ्यांदा पाहायला वाकला, तेव्हा वहिनी हळूहळू खाली टायरांवर बसली.