बाभळीचा झोपाळा

रामहरी कोळसे एकतीस वर्षं चित्रकलेचे मास्तर होते आणि फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारत. त्यामुळे वादळात बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली, तेव्हा तिच्या फळ्या पाडायला आणखी कुणाची गरज लागेल असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्यांनी लागलीच संगमनेरला व्याह्यांना, रंगनाथरावांना, फोन लावून शब्द दिला. आमच्या लेकीच्या, सुकन्याच्या, नव्या बंगल्यात झोपाळा आमच्या बाभळीचा, तोही माझ्या हातचा. वास्तुशांत बारा दिवसांवर होती.

घोडेगावात लाकडाची वखार चालवणारे कादरभाई म्हणजे मास्तरांचे जुने दोस्त. ओंडका ट्रॉलीत टाकून आणा, अर्ध्या तासाचं काम आहे, असं ते सांगून थकले. मास्तरांनी हसून विषय बदलला आणि लाकूड कापायचं साखळीचं मशीन विकत आणलं.

मोबाईलवर पाहिलं होतं तसं त्यांनी ओंडक्यावर घरची शिडी लांबीनं ठोकली. मशीन शिडीवरून सरकवत न्यायचं, की खाली फळी सपाट निघते. पण शिडीला मधोमध पोट आलेलं होतं. पहिली फळी होडीसारखी निघाली. दुसरी दुरुस्त करायला गेले, तर एक टोक चार बोटं जाड आणि दुसरं पापडाएवढं. तिसरीनं गिरकीच घेतली. चार दिवस सगळ्या वस्तीचे कान किटले. पाचव्या सकाळी मास्तरांच्या पत्नी छबूबाई काळा चहा घेऊन आल्या.

"या आवाजानं म्हशीनं दोन्ही टायमाला दूध चोरलं," त्या म्हणाल्या. "फळी व्हईल तवा व्हईल, पण आज चहा बिनदुधाचाच हाय."

मग त्यांनी गुपचूप कादरभाईंना फोन केला. कादरभाई आले, फळ्यांभोवती दोनदा फिरले, वाकून एक डोळा मिटून पाहिलं.

"मास्तर, यातली सरळ बाजू कंची, तेवढं सांगा."

मास्तरांनी ती बराच वेळ शोधली.

शेवटी त्यातल्या त्यात जाड फळी कादरभाईंनी वखारीत नेली आणि रंधा मारून झोपाळ्याजोगी केली. लाकूड ओलं आहे, वर्षभर सावलीत राहू द्या, असंही बजावलं. मास्तरांकडे सहा दिवस होते. त्यांनी फळी गच्चीवर उन्हात टाकली, तेल चोळलं आणि टेम्पोनं संगमनेरला नेली.

वास्तुशांतीला झोपाळ्याचं फार कौतुक झालं. रंगनाथराव नवा पांढरा सदरा-पायजमा घालून फोटोसाठी बसले आणि चांगली पंधरा मिनिटं झुलले. पाहुण्यांना नमस्कार करायला उठले, तसा बायकांनी पदर तोंडाला लावला. बाभळीच्या ओल्या रसाचे दोन तांबूस गोल त्यांच्या पायजम्यावर मागून उमटले होते. रंगनाथरावांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

फळी कादरची, असं म्हणायला मास्तरांची जीभ वळवळलीसुद्धा. पण ते गुमान पुढे झाले, आपल्या कोऱ्या पांढऱ्या पायजम्यानिशी झोपाळ्यावर दाबून बसले, दोन-चार झोके घेतले आणि उठून व्याह्यांकडे पाठ केली.

"उमटलं का?"

रंगनाथरावांनी निरखून पाहिलं. "तुमचं जरा फिकं आलंय," ते म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

मग उरलेला दिवस दोघे व्याही भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी उभे राहिले. सोयरीक झाल्यापासून चार वर्षांत झाल्या नव्हत्या एवढ्या गप्पा झाल्या. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, तेव्हा कुठे ते भिंतीपासून दूर झाले.

आणि सुकन्याचं लक्ष भिंतीवरच्या चार तांबूस गोलांकडे गेलं. भिंतीला परवाच पांढरा रंग दिलेला होता.