कांडप आळीच्या हवेचा हवापालट

आमच्या कांडप आळीच्या हवेला गेल्या माघात हवापालट सांगितला. माणसाला सांगतात तसाच. पन्हाळ्याला नेऊन ठेवा, सकाळचं ऊन द्या, मिरची पूर्ण बंद.

हवा आजारी आहे हे आम्हाला उशिरा कळलं, कारण रोज नाकात तीच असायची. आळी मागून बंद आहे. मागे टॉकीजची उंच भिंत, पुढे हातगाडी कशीबशी शिरेल एवढं तोंड. वारा त्या तोंडाशी यायचा, आत डोकावायचा आणि शिंकत माघारी जायचा. दोन्ही बाजूंना डंक, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, आणि दिवसभर मिरची, हळद, धणे. त्यामुळे माझ्या लग्नात जी हवा आळीत होती तीच अजून होती. बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने स्वतः कधी तक्रार केली नाही.

सुनेत्रा मगदूम ही जयसिंगपूरची मुलगी, पुण्याला हवेची शास्त्रज्ञ आहे. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांना एरोसोल म्हणतात, त्यांचा तिचा अभ्यास. आळीची हवा तपासायला येण्याआधी तिने निरोप धाडला की आळीतला एक चांगला नमुना तयार ठेवा. आळीत बैठक झाली आणि एकमताने दत्तोबा तारळेकराला आंघोळ घालून, टोपी चढवून बसवलं. दत्तोबा कोंबड्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. त्याच्यापेक्षा चांगला नमुना आमच्याकडे नव्हता. सुनेत्रा हसली नाही. तिने दत्तोबाला खुर्ची दिली, त्याच्या शेजारी यंत्र मांडलं आणि हवा ओढायला सुरुवात केली. तिथेच ती मला आवडली.

आळीत हवेचे थर लागले होते. गुडघ्याशी यंदाची हळद. कमरेशी रॉकेलचा धूर आणि कुणाच्या तरी बारशाचा ऊद. डोक्यावर टॉकीजच्या जुन्या खेळांना ओढलेल्या बिड्या. पत्र्याला लागून सगळ्यात जुनी हवा, आणि तिथे माणसं होती. शेजारच्या बाबालाल अत्ताराच्या आईचं हिना अत्तर निघालं. दत्तोबाच्या आजोबांची तपकीर निघाली. बाबालाल शिडीवर चढून बराच वेळ वरच राहिला. खाली हाका मारल्या तर म्हणाला, थांबा, अम्मी सणाची तयारी करतेय.

माझ्या डंकाच्या आढ्याखाली एक शिंक निघाली.

सुनेत्राने यंत्रातला गाळणीचा कागद उजेडात धरला. "पुरुषाची आहे आक्का. जुनी. आणि मिरची संकेश्वरी."

मी म्हटलं, मला सांगू नकोस, मी ती रोज ऐकलीय. आमच्या मालकांचा जन्म मिरचीत गेला, पण नाकाला सवय लागली नाही. पोतं सोडलं की शिंक. आळीच्या तोंडाशी उभी असलेली बाई सुद्धा ओळखायची, आज संकेश्वरी कुटतात का ब्याडगी. मी त्यांना फार बोलायचे. धंदा मिरचीचा आणि नाक गुलाबाचं, असं चारचौघांत बोलायचे. ते धोतराच्या सोग्याने नाक पुसायचे आणि पुढचं पोतं ओढायचे. ते गेल्यावर डंक मी एकटीने चालवला, कुणाच्या दारात गेले नाही. पण नवीन पोतं सोडलं की हात थांबायचा. मग वरून मानेवर काहीतरी बारीक, ओलं उतरायचं आणि हात पुन्हा चालू व्हायचा. मी समजायचे पत्रा गळतोय. उन्हाळ्यात सुद्धा.

सुनेत्राचं म्हणणं सरळ होतं. हवेने इतकी वर्षं एक दिवस सुट्टी घेतलेली नाही, तिला आता वर उठवत नाही, ती पोरांच्या छातीत बसायला लागलीय. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने मान्य केलं. पन्हाळ्याची तेवढीच हवा बदलीवर आळीत येणार होती. अट एकच, ज्यांचं माणूस हवेत आहे त्यांनी हो म्हणायला हवं.

सगळ्यांनी हो म्हटलं. मी नाही म्हटलं.

मला समजवायला पुष्कळ लोक आले आणि जसे आले तसे गेले. खात्याचे साहेब म्हणाले, आजी, सार्वजनिक हवेवर खाजगी हक्क सांगता येत नाही. मी म्हटलं, मग सार्वजनिक माणसाने शिंकायला हवं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

सुनेत्रा एकटी आली. मी तिला चहा दिला आणि विचारलं, हवा परत येईल?

"येईल."

"आणि शिंक?"

तिने कप खाली ठेवला. "हवा बरी होणं म्हणजे तिच्यातलं सगळं खाली बसणं, आक्का. पन्हाळ्याच्या गवतावर बसेल."

"त्यांना गवताचं वावडं होतं," मी म्हटलं.

तिने दुसरा कप मागितला.

शेवटी बाबालाल आला. नात खांद्यावर होती, सहा महिन्यांची. तो ओट्यावर टेकला. पोर खोकत होती. बारक्या पोराचा खोकला लहान असायला हवा. हा तिच्यापेक्षा मोठा होता, कुठल्या तरी म्हाताऱ्याचा होता. खोकून झालं की ती दमून माझ्याकडे बघायची.

"अम्मीचा हिना मी सोडला, आक्का," बाबालाल म्हणाला. "मला काय सोपं गेलं?"

मी म्हटलं, घेऊन जा म्हणावं. पण हवा एकटी जाणार नाही. आजाऱ्यासोबत घरचं माणूस लागतं, ती मी.

हवा एसटीने गेली. पहाटे गाडी आळीच्या तोंडाशी मागे घेऊन लावली, मागचं दार उघडलं, आणि हवा आपणहून चढली. तिलाही थकवा होताच. काचा बंद ठेवायची सूचना ड्रायव्हरला होती. कंडक्टरने विचारलं, हिचं वय काय, ज्येष्ठ नागरिकात बसते का? मी म्हटलं, माझ्या लग्नाआधीची आहे, बघ बाबा. त्याने दोघींना सवलत दिली. कोल्हापूरपर्यंत इतर प्रवासी शिंकत होते, पण त्या त्यांच्या त्यांच्या शिंका होत्या. मी लक्ष देऊन ऐकत होते.

पन्हाळ्याला तिला तटबंदीच्या आतल्या एका पडक्या बागेत ठेवलं. मी शेजारी चटई टाकून बसायचे. पहिल्यांदा बिड्या गळल्या. मग रॉकेल. हवा हलकी व्हायला लागली, सकाळी उठून झाडाच्या शेंड्यापर्यंत जाऊन यायला लागली. हिना गेला त्या दिवशी गवताला वास येत होता, मी बाबालालला फोन लावला आणि तो गवताशी धरला.

सुनेत्रा यंत्र घेऊन येत होती. एके सकाळी तिने यंत्र बंद केलं आणि हातानेच दाखवलं.

"आता एवढी शिंकच राहिलीय. ही इथे. ऊन चढलं की बसेल."

मला दिसत काही नव्हतं. मी विचारलं, नीट सांग, कुठे?

"तुमच्या नाकासमोर, आक्का. वीतभर."

मी पदर सारखा केला. इतकी वर्षं त्या माणसाला नाकावरून बोलले, ते सगळं मनात एकदा म्हणून घेतलं. मग जेवढा मावेल तेवढा श्वास आत ओढला. संकेश्वरीच होती. नाक हुळहुळलं, डोळ्यांना पाणी आलं, टाळूपर्यंत कळ गेली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि शिंक बाहेर येऊ दिली नाही.

सुनेत्राने यंत्र पुन्हा लावलं. बागेत काही राहिलं नव्हतं. मग तिने ते माझ्या छातीशी धरलं, काटा बघितला आणि मान डोलावली. हवा पूर्ण बरी झाल्याचं तिने खात्याला कळवून टाकलं.

आता हवा आळीत परत आलीय. चांगली खुशीत असते, पत्रा वाजवते, दत्तोबाचं वर्तमानपत्र उडवते. वारा आतपर्यंत येऊन जातो. बाबालालची नात खोकत नाही, रांगते. डंक चालू आहेत. मी तो श्वास अजून सोडलेला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून श्वास सोडा म्हटलं, मी नाही म्हणून मान हलवली, त्यांनी बरं म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आळीत म्हणतात, आक्का बोलायची थांबली, आता जगात काही राम नाही. काहींना बरंही वाटतं, ते मला दिसतं. नगरपालिकेविषयी, गिऱ्हाइकांविषयी, दत्तोबाच्या कोंबड्याविषयी मला पुष्कळ बोलायचंय. पण बोलायचं तर तोंड उघडावं लागतं. म्हणून हे लिहून काढलं.