मध्यंतराआधीच्या प्रवेशाची बदली

पहिल्या अंकातल्या शेवटच्या प्रवेशाने बदलीचा अर्ज दिला, तेव्हा नाटकाचे बेचाळीस प्रयोग झाले होते. कारण त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘मी सुरू झालो की लोक बटाटेवड्यासाठी उठतात. मला मध्यंतरानंतर घ्यावं.’

व्यवस्थापक दिगंबर बोंद्रे यांनी अर्ज रीतसर दुसऱ्या अंकाकडे पाठवला. तिथल्या चारही प्रवेशांनी हरकत घेतली. पोट भरलेला प्रेक्षक सेवाज्येष्ठतेनेच मिळतो, असं त्यांचं म्हणणं. मग प्रवेशाने राजीनामाच दिला. बोंद्र्यांनी तो मंजूर केला. नाटक अकरा मिनिटांनी आटोपशीर झालं.

पंचाईत झाली ती सुमती केळुसकरांची. त्यांना नाटकभर तेवढा एकच प्रवेश होता. त्यात आई मुलाला कबूल करते, की तू लांब जाऊ नयेस म्हणून तुझं नोकरीचं पत्र मी पिठाच्या डब्यात लपवलं. दुसऱ्या अंकात आई हयात नसते, मुलगा तिच्या खुर्चीलाच सांगतो, “आई, मी तुला माफ केलं.” पासष्टाव्या वर्षी बाईंना दुसरं काम कोण देणार? त्यांना रडू कोसळलं.

“पण आता तो माफ कशाबद्दल करणार?” त्यांनी विचारलं.

“आई आहे हो,” बोंद्रे म्हणाले. “काहीतरी केलंच असणार.”

प्रवेश नाट्यगृहाच्या पायरीवर बसला होता.

“मला विचारायचं तरी होतंस,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्ही रोज लोकांच्या पाठींची माफी मागता. मला बघवेना.”

“उठून जातात कुठे मेले?”

“वड्याच्या रांगेत.”

“आणि रांगेतून?”

प्रवेशाने विचार केला. रांगेतून कोणी कुठे जात नाही.

पुढच्या प्रयोगाच्या मध्यंतरात बाई प्रवेशाला घेऊन रांगेसमोर उभ्या राहिल्या आणि कबुली देऊ लागल्या. नंबर जाईल म्हणून कोणी हललं नाही. पाचव्या मिनिटाला एका गृहस्थांचा नंबर आला, तर त्यांनी बशी घेतली नाही. मागचाही त्यांना ओलांडून पुढे गेला नाही.

दुसऱ्या अंकात मुलगा खुर्चीला म्हणाला, “आई, मी तुला माफ केलं.” सगळं प्रेक्षागृह वळून दाराकडे बघू लागलं. दारात सुमतीबाई उभ्या होत्या.

“अहो, त्यांना आत तरी घ्या,” तिसऱ्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

मुलगा थांबला. सुमतीबाई मधल्या वाटेने चालत गेल्या, पायऱ्या चढल्या आणि खुर्चीत बसल्या. मग त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं.