दर्शनी काचेतली जागा

सासूबाईंच्या खेळण्यांच्या दुकानात जावयाने नवा गेम कन्सोल टेबलावर मांडला, तेव्हाच त्याला घाम फुटला होता. आपला कन्सोल दर्शनी काचेत दिसला नाही तर नोकरी विसरा, असं कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं. बाजारातल्या बाकी सगळ्या दुकानदारांनी त्याला वाटेला लावलं होतं. इथेही काचेत दुसऱ्याच कंपनीचा कन्सोल ऐटीत बसलेला. आता उरली फक्त सासू, आणि सासू म्हणजे काही गरीब गाय नव्हे.

"आई, एकदा चालवून दाखवतो. मग बोला."

"दाखवा की जावईबापू. मी कुठे नाही म्हणतेय?"

तेवढ्यात एक आजोबा नातीला घेऊन आले. जावयाने बटण दाबलं. पडद्यावर 'अपडेट होत आहे, कृपया थांबा' अशी ओळ आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. एवढा डामडौल करून कंपनीने बनवलं काय, तर लोकांना ताटकळत ठेवायचं यंत्र.

"यात गेम कोणते आहेत?" नातीने विचारलं.

"सध्या एकच. मासे पकडायचा. बाकीचे पुढच्या वर्षी येतील."

"मग हिला पुढच्या वर्षीच आणतो," आजोबा म्हणाले.

अपडेट संपलं, तर यंत्राने खातं उघडायला लावलं. खातं उघडलं, तर पुन्हा अपडेट. नात भोकाड पसरायच्या बेतात होती. म्हणून सासूबाईंनी काचेतला कन्सोल काढून जोडला. तो मुकाट्याने सुरू झाला. नात खेळली, मग आजोबा बसले ते उठायलाच तयार होईनात. शेवटी तसलाच एक बांधून घेऊन गेले. नवं यंत्र बघायला मागून आलेल्या बापलेकांचं तेच, दोघी बहिणींचंही तेच. जावयाला आता फक्त रडायचं बाकी होतं. तो निमूटपणे वायरी गुंडाळू लागला.

"अहो, कुठे निघालात? काचेत ठेवा ते."

जावयाने वायरी खाली ठेवल्या. "आई, शेवटी घरच्या माणसाची कदर..."

"घरचा माणूस राहू द्या बाजूला. तुमचं यंत्र बघायला लोक आत येतात आणि कंटाळून दुसरं घेऊन जातात. इतकी विक्री माझी कधी झाली नव्हती. फक्त एक करा, ते सुरू होऊ देऊ नका."

ही बातमी बाजारभर व्हायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याभरात प्रत्येक दुकानदाराने जावयाला आपणहून बोलावलं आणि एकेक कन्सोल काचेसाठी मागून घेतला. दुसरा कुणीच मागितला नाही. सगळ्या काचांचे फोटो बघून साहेब मात्र खूश झाले आणि त्यांनी जावयाला बढती देऊन टाकली.