खाष्ट सासूची शोकसभा

शोकसभा कशी घ्यावी, हे आमच्या इमारतीने माझ्याकडून शिकावे! चार मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडे, आणि माझ्या एका निरोपावर सगळी तळमजल्याच्या सभागृहात हजर. हा दरारा मी छप्पन्न वर्षांच्या संसारात स्वतःच्या जिभेच्या बळावर मिळवलेला आहे. निदान त्या रविवारी दुपारपर्यंत सर्वांची तशी समजूत होती.

एकाच महिन्यात दोन माणसे गेली. पडद्यावर जन्मभर खाष्ट सासू रंगवणारी ती थोर अभिनेत्री, आणि तिचे संवाद लिहिणारे लेखक. तिच्यासाठी सगळे हळहळले. लेखकांना वर्तमानपत्राने चार ओळींत आटोपले. मला ते सहन झाले नाही.

"दोघांची सभा घ्यायची आणि पडद्यावर प्रसंग दाखवायचे!" मी लेकाला बजावले.

"आई, कोणते प्रसंग घेतलेत ते एकदा बघ तरी."

"मी काय बघायचं? तू मुलगा कोणाचा आहेस!"

वाचकहो, माणसाने इतके निर्धास्त असू नये.

दिवे मालवले. अभिनेत्री जिन्यावरून कडाडली, "या घरात घड्याळसुद्धा मला विचारून पुढे सरकतं!"

आमचा प्लंबर माझ्याकडे बोट दाखवत ताडकन उठला. "अहो, हे तर मला म्हणाल्या होत्या! अकराला येतो सांगून दोनला आलो तेव्हा!"

दुसरा प्रसंग. "मी रागावलेली नाही. मी रागावते तेव्हा शेजारी घर बदलतात!"

"हे मला!" वकील ओरडले. "गाडी आडवी लावली होती!"

तिसरा. "तुझं कारण फार लंगडं आहे. त्याला कुबडी दे आणि घरी पाठव!"

"मला!" "मलापण!" "मला दोनदा!" चारही मजल्यांनी हात वर केले! छप्पन्न वर्षांचा दरारा कांद्यासारखा सोलला जात होता.

दिवे लागले. निवृत्त मुख्याध्यापक डोळे पुसत उभे राहिले. "बाई, आता उलगडा झाला! हे संवाद तुमचेच! लिहायच्या तुम्ही आणि नाव लागायचं त्यांचं! केवढा हा त्याग!"

टाळ्यांचा कडकडाट! कोणीतरी लेखकांच्या तसबिरीपुढचा पुष्पगुच्छ उचलून माझ्या हाती दिला. वकील गरजले, "उद्याच वर्तमानपत्राला लिहितो! श्रेय तुम्हालाच मिळालं पाहिजे!"

दरारा वाचला होता; वाचला कसला, दुप्पट झाला होता! मी केवळ गप्प राहायचे होते. पण समोर ती तसबीर होती. जाड भिंगांचा चष्मा, सदऱ्याची तुटलेली गुंडी, आणि पुढे आता फूलही नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या चार ओळीही मीच घशात घालू?

मी गुच्छ जागेवर ठेवला.

"बसा सगळे. यातला एकही शब्द माझा नाही. एकोणिसाव्या वर्षी या घरात आले, तेव्हा पाणी मागायलाही माझा आवाज फुटत नव्हता. मी नोकरी करावी की नाही, यावर अकरा माणसांनी मत दिलं. मला कोणी विचारलंच नाही. मग मी या दोघांचा सिनेमा चार वेळा पाहिला. घरी आले आणि म्हणाले, 'माझ्याबद्दल बोलायचं तर उभं राहून बोला. बसून बोलायला मी परवानगी दिलेली नाही!' एका हाताने दाराची चौकट धरली होती हो मी. पण अकराही जण उभे राहिले! तीस वर्षं नोकरी केली मी. काय बोलावं ते या गृहस्थांनी दिलं, कसं बोलावं ते त्या बाईंनी. दोघांनाही कधी भेटले नाही. आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते."

मी सूनबाईकडे वळले. "तुलाही इतकी वर्षं फसवलं गं."

"छे हो, आई! लग्न झाल्यावर आठवड्याभरात यांनी मला सगळे सिनेमे दाखवले. तुम्ही चिडलात की आम्ही पैज लावतो, आज कोणता संवाद येणार!"

"बहुतेक वेळा हीच जिंकते," लेक कौतुकाने म्हणाला.

वीस वर्षे! माझ्याच घरात! मी खवळले, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडले...

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "पाचव्या सिनेमातला नको. तो परवाच झाला."